न विचारणारे हकीमसाहेब

हकीमसाहेब, आधीच सांगून टाकतो, मी रागात आहे. तुम्हाला माती देऊन आलो त्या दिवशी रडायचं ते रडून घेतलं. अजून तुमचा चाळिसावा व्हायचाय आणि मला तुमच्याशी भांडायचंय. वडवणीत भांडायला दुसरं माणूस उरलेलं नाही. तहसीलदाराशी भांडलं तर बदली होते, बायकोशी भांडलं तर भाजी अळणी मिळते. तुमच्याशी भांडलं की तुम्ही पानाचा डबा पुढं सरकवायचात, "बाकीचं पुढच्या बाजारी" म्हणायचात आणि मला उठवायचात. तसंच अर्ध्यावर टाकून तुम्ही निघून गेलात. हे मला पटलेलं नाही.

गावात जो भेटतो तो एकच सांगतो, हकीमसाहेबांच्या बोटांत जादू होती. मनगटाला बोटं लावायची खोटी, आजार बोलायला लागायचा. वाणी म्हणतो, पाटील म्हणतो, परवा आमच्या दवाखान्याचा कंपाउंडर म्हणाला, तेही माझ्या देखत. मी मान हलवतो. काय करणार, तुम्ही माझ्याकडून शब्द घेऊन ठेवला होतात. पण ऐकताना मस्तकात तिडीक जाते, कारण जादू बोटांत नव्हती हे मला ठाऊक आहे.

मी हैदराबादेहून डॉक्टरी शिकून इथल्या सरकारी दवाखान्यात आलो, तेव्हा वाटलं होतं की लोक चाकूला घाबरतील, कडू औषधाला नाकं मुरडतील. लोक बिचकले ते माझ्या प्रश्नांना. कुठं दुखतं विचारलं की माणूस गप्प. कधीपासून विचारलं की गप्प. मुकाट्यानं हात पुढं करून बसायचा. पुन्हा विचारलं तर त्याला माझी दया यायची, आणि ती चेहऱ्यावर दिसायची. तेलगावच्या एका म्हाताऱ्यानं तर तोंडावर सांगितलं, "आमी सांगायचं आन तुमी औषध द्यायचं, मग तुमाला डाक्टर कावून म्हणायचं? आमचे हकीम काई इचारत न्हाईत." एवढं बोलून तो उठला आणि रस्ता ओलांडून तुमच्या ओसरीवर जाऊन बसला.

म्हणून मी तुम्हाला बघायला आलो. खरं सांगायचं तर तुमची लबाडी पकडायला आलो होतो. बाजारचा दिवस होता. तुम्ही मला शेजारी बसवलंत, गुडघ्याखाली तक्क्या दिलात आणि कामाला लागलात. कापसाचा एक व्यापारी आला. पायरीशी जोडे काढले, काही न बोलता हात पुढं केला. तुम्ही डोळे अर्धे मिटून नाडीवर बोटं ठेवलीत. बऱ्याच वेळानं म्हणालात, "रातचं लई उठावं लागतं तुमाला. घसा सुकतो. खाता लई, आन वाळत चाललात." तो माणूस तुमच्या पायाच पडायचा बाकी राहिला. मी मात्र तुमच्या अर्ध्या पापणीचा माग काढत होतो. तुम्ही पायरीवरच्या त्याच्या काळ्या जोड्यांकडं बघत होतात. त्यांवर वाळून पांढरे झालेले ठिपके होते. साखर जाणाऱ्या माणसाच्या लघवीचे शिंतोडे असे वाळतात. मीही ते शिकलो होतो, पण मला ते तुम्ही बोलून गेल्यावर दिसले.

गर्दी ओसरल्यावर मी विचारलं, "नाडी की जोडे?" तुम्ही दाढीतल्या दाढीत हसलात. "डाक्टर, नजर चांगली हाय तुमची. आता जबान आवरायला शिका." तेव्हाच तुम्ही शब्द घेतलात की हे बाहेर बोलायचं नाही.

त्यानंतर दवाखाना बंद केला की मी तुमच्याकडं यायला लागलो. तुम्ही काय बघता ते बघायचा मला नाद लागला. गाडी थांबली की तुमचं काम सुरू व्हायचं. आजारी माणूस स्वतः उतरतो की उतरवून घ्यावं लागतं, उतरताना कुठला हात कुठं दाबतो, पायरी चढून आल्यावर एका दमात सलाम करतो की मध्ये थांबतो. नखांचा रंग. बाई असेल तर तिच्या वतीनं कोण बोलायला पुढं होतं. यातलं पुष्कळसं माझ्याही पुस्तकांत होतं. पण पुस्तकात असणं वेगळं आणि बैल सोडायच्या आत ते दिसणं वेगळं. त्यासाठी तुम्ही आयुष्यभर माणसं बघत बसला होतात. हे मी कबूल करतो, आणि म्हणूनच मला राग येतो.

कारण एवढी कमाई करून तुम्ही तिचं श्रेय दिलंत कुणाला, तर मनगटाला. लोक समजले नाडीत सगळं लिहिलेलं असतं, आपण तोंड उघडायचं कारण नाही. साऱ्या मुलखाला तुम्ही मुकं करून ठेवलंत. ते मुके होऊन माझ्या दारात यायचे आणि मी त्यांच्यापुढं उलटतपासणी घेणाऱ्या पोलीस अमीनासारखा दिसायचो. मी म्हणायचो, "लोकांना नाही तर नाही, तुमच्या भाच्याला तरी खरं सांगा." यासीन तुमच्या मागं बसून असायचा, डोळे मिटून स्वतःचीच नाडी दाबत. तुम्ही म्हणायचात, "शिकतोय तो." मी म्हणायचो, "नाडी शिकतोय. नुसती नाडी!" त्यावर तुम्ही शांतपणे, "आदी हात धरायला तर शिकू द्या," आणि पानाचा डबा.

आणि रामा कुंभार. त्याच्यावरून आपण सगळ्यात कडू भांडलो. पोटरीला जखम घेऊन तो तुमच्याकडं आला, तुम्ही नाडी बघितलीत, जखम बघितलीत. तिच्यावर त्यानं चुना थापलेला होता. काटा मोडला असेल समजून तुम्ही मलम दिलंत. पुढं पाण्याचा घोट उतरेना तेव्हा त्याला माझ्याकडं आणलं आणि त्याच्या भावानं सांगितलं की कुत्रं चावलं होतं. चावलेलं बोलून दाखवलं की ईख, म्हणजे विष, जागं होतं या समजुतीनं तो बोलला नव्हता. हल्ली दूर दक्षिणेत त्यावर सुया टोचतात. वेळेवर कळतं तर मी त्याला रेल्वेत बसवून दिला असता. तो जसा मेला तसं कुणी मरू नये. मी तुमच्या ओसरीवर येऊन ओरडलो, "एक प्रश्न, हकीमसाहेब! एक प्रश्न विचारायला तुमच्या इभ्रतीचं काय जात होतं?"

त्या दिवशी पानाचा डबा पुढं आला नाही. तुमचा चेहरा उतरलेला होता. म्हणालात, "इचारलं असतं तर त्यानं काटाच सांगितला असता, डाक्टर. प्रश्नाला लोक जवाब देतात. खरं सांगतात असं न्हाई." मला ती पळवाट वाटली. मी तसं म्हणालोही. तुम्ही वाद घातला नाहीत. पण त्यानंतर पायावर जखम घेऊन आलेल्या प्रत्येकाची जखम तुम्ही स्वतः धुऊन काढायला लागलात, हे माझ्या लक्षात आलं होतं. ते मी तुम्हाला कधी बोललो नाही.

मग तुम्ही पडलात. यासीन बोलवायला आला तेव्हा तुम्ही तीन तक्क्यांना टेकून बसला होतात. मी विचारलं, काय होतंय? तुम्ही काही न बोलता हात पुढं केलात. मिस्कीलपणा डोळ्यांत अजून शिल्लक होता. मला हसू यायला हवं होतं, मला संताप आला. जन्मभर माझी परीक्षा घेतलीत, निदान आता तरी सरळ बोलावं की नाही माणसानं? मी हाताकडं बघितलंच नाही. मी म्हणालो, "पाय सुजलेत, आडवं झाल्यावर दम लागतो म्हणून बसून झोपताय, ओठ निळे पडलेत. हृदय थकलंय तुमचं." आणि कानांत नळी घातली. तुम्ही म्हणालात, "शाबास. सगळं दिसतंय तुमाला." मग, "पर हात न्हाई धरला, डाक्टर."

मला वाटलं तुम्ही अजून नाडीचंच तुणतुणं वाजवताय. मी नळी तुमच्या छातीला लावली, औषधाचे थेंब मोजून दिले, उद्या येतो म्हणालो आणि आलो. दुसऱ्या दिवशीही तुम्ही फारसं बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी यासीन धावत आला, तेव्हा काही करायचं उरलं नव्हतं.

आता कौसाचं ऐका. तिच्यामुळंच आज मी लेखणी उचलली.

तुमच्या ओसरीवर आता यासीन बसतो. तुमचीच टोपी घालतो. गेल्या बाजारी तेलगावहून एक गाडी आली. कौसा नावाची जवान सून आणि तिची सासू सोनाबाई. यासीननं नाडी बघितली, उष्णता सांगितली, थंड शरबत दिलं. दोन दिवसांनी त्याच गाडीत घालून तिला माझ्याकडं आणलं. सोनाबाईनं काखेत धरून आत आणली. अंग भाजत होतं आणि तोंड राखेच्या रंगाचं झालं होतं. पदर नाकापर्यंत ओढलेला.

मी विचारलं, "काय होतंय, बाई?"

सोनाबाई म्हणाली, "कणकण हाय अंगात. खात न्हाई."

"तिला बोलू द्या. पोट दुखतं का?"

"पोट कावून दुखंल? काई न्हाई पोटात."

"पाळी येते का वेळेवर?"

"समदं येवस्थित हाय. हकीमाच्या भाच्यानं नाडी बगितली की. लगीच कळलं त्याला. हकीमसाहेबांपेक्षा बी बिगी."

मी सासूला बाहेर बसायला सांगितलं. ती हलली नाही. परक्या पुरुषापाशी सून एकटी टाकून ती जाणार कशी, आणि मी तिला धक्के मारून घालवणार कसा? मी सरळ कौसाला विचारलं. कौसानं पदराखालून हात बाहेर काढला आणि माझ्यापुढं धरला. बस्स. मला तुमची अशी शिसारी आली की काय सांगू! म्हटलं, हे हकीमसाहेबांनी करून ठेवलेलं, मेले तरी माझा पिच्छा सोडत नाहीत. घ्या तुमची नाडी, म्हणून मी तिचं मनगट धरलं.

आणि सोनाबाईनं पदर तोंडात कोंबला.

कंपाउंडर बाटल्या धूत होता, तो थांबला. दारात उभ्या गाडीवानानं मागच्यांना हातानं खूण केली. नाडी चालू असताना कुणी बोलायचं नाही, हा तुमच्या ओसरीचा दंडक. तो आपल्या पायांनी चालत माझ्या दवाखान्यात आला होता. मी ठोके मोजले. फार जलद होते. एरवी मी मोजून झालं की हात सोडतो. पण तिनं हात मागं घेतला नाही, माझ्या हातात तसाच राहू दिला, म्हणून मीही धरून राहिलो. नखं पांढरीफटक होती. दुसरा हात पदराखाली ओटीपोटावर दाबलेला होता. आणि मघापासून प्रश्न विचारण्याच्या भरात मला न आलेला एक वास आता आला. मी बोललो नाही. का बोललो नाही ते मला आजही सांगता येणार नाही. बहुतेक रागामुळंच.

मग ती पुटपुटली. मला वाकून ऐकावं लागलं.

"माजं पोट पडलं, डाक्टर. कापूस येचताना. आजून अंगावरनं जातंय."

सोनाबाई तिला खेटून उभी होती, ऐकलं मी एकट्यानं नाही. सोनाबाईनं तोंडातला पदर काढला. "मला कावून न्हाई सांगितलं गं?"

कौसा तिच्याकडं न बघता म्हणाली, "आदीची दोन गेली तवा तुमी त्यांच्यासाठी दुसरी पोरगी बगायला गेलत्या, आत्याबाई."

सोनाबाई होती तिथंच फरशीवर बसली. मी गावच्या सुईणीला बोलावून घेतलं, आणि पोटात राहिलेलं जे होतं ते काढलं. सोनाबाई तिच्या उशाशी बसली होती, तिला आता बाहेर जा म्हणायची गरज उरली नव्हती. तिनं पाणी तापवलं, कापडं धुतली. आज कौसाचा ताप उतरलाय. वाचेल असं वाटतं. वाटतं एवढंच म्हणतो, खात्री देत नाही. दोन दिवस आधी कळतं तर देता आली असती.

आता मला सांगा, हकीमसाहेब. तुमच्या ओसरीवर बायका नाडी दाखवताना ओठ हलवायच्या. मी कितीदा बघितलं होतं. मला वाटायचं देवाचं नाव घेताहेत. तुम्ही मान खाली घालून कान त्यांच्याकडं न्यायचात, मला वाटायचं तुम्हाला म्हातारपणी कमी ऐकू येतंय. त्या सांगत होत्या! घरात ज्यांना सासू बोलू देत नाही, नवरा बोलू देत नाही, त्यांच्यासाठी तुम्ही साऱ्या गोताला गप्प बसवत होतात आणि वाट बघत होतात. नंतर जे तिनंच सांगितलं ते मोठ्यानं नाडीच्या नावावर खपवत होतात, म्हणजे घरी गेल्यावर तिला कुणी विचारायला नको, तू बोललीस का म्हणून. रामासारखा एखादा तरीही बोलायचा नाही. तो तुम्हाला बोचत राहिला असणार. मी त्याच्यावरून तुम्हाला नको नको ते बोललो, आणि तरीही तुम्ही मला हे सांगितलं नाहीत.

का नाही सांगितलंत? बायकांची गुपितं होती, फुटली तर ओसरी बंद पडली असती, हे मी समजू शकतो. पण मी काय बाजारात दवंडी पिटणार होतो? जोड्यांचं गुपित मी एवढी वर्षं पोटात ठेवलं होतं. मला वाटायचं तुमची सगळी विद्या मी ओळखली आहे. तुम्ही मला तसं वाटू दिलंत. मी किती बायकांना प्रश्नांवर प्रश्न विचारले असतील, आणि त्यांच्या सासवांनी किती उत्तरं दिली असतील! त्यातल्या काही तेलगाव-वडवणीच्या मातीत गेल्या आहेत. तुम्हाला ठाऊक होतं, रस्त्यापलीकडं मला ठाऊक नव्हतं. तुमच्यावर माझा फार जीव होता, हकीमसाहेब, अजून आहे, पण हे मी माफ करू शकत नाही.

तुमचा शब्द मी मोडला. काल दुपारी यासीनकडं गेलो आणि त्याला सगळं सांगितलं. जोडे, नखं, गाडीतून उतरणं, पुटपुटणाऱ्या बायका. आधी तो भडकला. "मामूंची मैयत होऊन किती दिवस झाले, डाक्टरसाब? कबर अजून ओली हाय. मामू नाडीवरच सांगायचे." मग मी कौसाचं सांगितलं. नाव घेतलं नाही, पण त्यानं ओळखलं.

"मी तिचा हात धरलता," तो म्हणाला.

"धरलास आणि लगेच सोडलास."

तो तुमच्या गादीच्या कडेला बसून राहिला. पोरगा वाईट नाही, हकीमसाहेब. तुम्ही त्याच्यापुढं जेवढं मांडलंत तेवढंच तो शिकला. मग त्यानं विचारलं, "किती वेळ धरायचा?"

मी म्हणालो, "ती बोलेपर्यंत."

"आन न्हाई बोलली तर? एखादीला सांगायसारखं काहीच नसंल तर? मागं समदी गर्दी बसलेली. कोणाला थांबायचं, कोणाला सोडायचं, ते कसं कळायचं?"

रस्त्यावर एक गाडी येऊन थांबली होती. कुणीतरी एका बाईला उतरवून घेत होतं आणि यासीन माझ्या तोंडाकडं बघत होता. कौसाच्या वेळी मी थांबलो ते चिडलो होतो म्हणून, हे त्याला काय सांगू? बाई पायरी चढून आली, बसली, तिनं हात पुढं केला. यासीननं तो धरला. तिच्याबरोबरची माणसं गप्प झाली, मीही गप्प झालो. मग यासीननं मान वळवून माझ्याकडं बघितलं, थांबू की सोडू, आणि मला माहीत नव्हतं.